आत्याचा अल्बम आणि माझा अंगठा

आमच्या क्लबच्या बँडचा ब्लूजचा अल्बम तुम्ही ऐकला असेल तर एक सांगतो, आणि नसेल ऐकला तरी सांगतोच. त्यात प्रत्येक गाण्याच्या तळाशी एक खोल, संथ खर्ज आहे ना, तो खर्ज माझा! आणि शेवटच्या गाण्यात "खुर्ची तेवढी राहू दे" या ओळीनंतर लांबून एक कण्हणं ऐकू येतं, जे ऐकून एका बाईंनी म्हणे गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि पोटभर रडून घेतलं, ते कण्हणंही माझंच! कुणीतरी छापूनही टाकलं की या वादकाने आयुष्यात फार सोसलेलं दिसतं. सोसलंच आहे. फक्त कुठे आणि कशाने, ते मला कुणी विचारलं नाही.

मी दिवसा फ्रिज दुरुस्त करतो आणि संध्याकाळी क्लबमध्ये बास गिटार वाजवतो. दोन्हीकडे माझं नाव आहे, पण खरं बोलायचं तर फ्रिजमध्ये जास्त. मी हात लावलेला फ्रिज पुन्हा तक्रार करत नाही! बायको म्हणते, बाहेरच्यांचा. आमच्या घरचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की थरथरत, नाचत, मोरीतून पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत येतं. ते नीट करतो, करतो, असं मी बरेच दिवस म्हणतोय. पण तो विषय वेगळा.

बँडची गायिका म्हणजे माझी आत्या. मला तिनेच वाढवलं. दिवसा ती शिलाईचं दुकान चालवते, लोकांच्या पँटी आखूड करते, पडद्यांना दुमड घालते, आणि संध्याकाळी क्लबमध्ये गाते. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, पण रडगाणं नव्हे. आत्याने गायला सुरुवात केली की हसत आत आलेला माणूस ग्लास खाली ठेवतो आणि जिला फोन करायचा नाही असं ठरवलेलं असतं तिला फोन करायला बाहेर जातो. इतकी वर्षं गातेय, पण तिचं एकही गाणं कुठे रेकॉर्ड केलेलं नव्हतं. विषय काढला की म्हणायची, ज्याला ऐकायचंय तो चालत येईल.

मग यंदा तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल. बोलता येईल बहुतेक, गाण्याचं मात्र आम्ही काही सांगू शकत नाही. आत्या दवाखान्यातून थेट दुकानात आली, मशीनवर बसली, अर्धा राहिलेला पडदा शिवून पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "रेकॉर्डिंगवाल्याला बोलवा."

ऑपरेशन सोमवारी सकाळी. रविवारी संध्याकाळी भरती व्हायचं. म्हणजे हातात होती रविवारची एकच दुपार, क्लब बंद असतो ती. त्या दुपारी सगळी गाणी झाली तर झाली, नाहीतर आत्याचा आवाज जगात कुठेच उरणार नव्हता. 

रेकॉर्डिंगवाला आधी जागा बघायला आला. बारीक माणूस, कायम कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखा चेहरा. स्टेजवर उभा राहिला, डोळे मिटले आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. हे काय घुमतंय म्हणाला. ती भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड. पलीकडे स्वयंपाकघर, आणि भिंतीला पाठ लावून क्लबचा जुना, कपाटाएवढा फ्रिज. तो घुमतो हे आम्हाला माहीतच नव्हतं, म्हणजे रोज ऐकून ऐकून ऐकू येईनासं झालं होतं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, रविवारी हा बंद ठेवा.

तिथे माझा मेहुणा आडवा आला. तो आमचा ड्रमर, आणि दिवसा बेकरी चालवतो. सोमवारी क्लबमध्ये कुणाचीतरी निवृत्तीची पार्टी होती, त्यासाठी तीन मजली क्रीमचा केक मेहुण्यानेच करायला घेतला होता आणि तो रविवारी सकाळपासून त्याच फ्रिजमध्ये राहणार होता. बेकरीच्या फ्रिजमध्ये तीन मजले मावत नव्हते. फ्रिज बंद केला तर केक बसेल, आणि केक बसला तर मीही बसेन, असं तो म्हणाला. क्लबच्या मालकांनीही मान डोलवली. रेकॉर्डिंगवाला आपलं सामान आवरायला लागला.

आणि मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोललो! म्हटलं, बंद कशाला करायचा? हा माझा धंदा आहे. शनिवारी येतो आणि त्याला असा गप्प करतो की चालू आहे की नाही ते दार उघडून बघावं लागेल.

शनिवारचं माझं काम तुम्ही बघायला हवं होतं! कॉम्प्रेसरच्या पायाखालची रबरं दगडासारखी कडक झाली होती, ती काढून नवी बसवली. मागची तांब्याची नळी पत्र्याला टेकून थरथरत होती, ती हलक्या हाताने वाकवून पत्र्यापासून लांब केली. दाराचं रबर फाटलं होतं, त्यातून गारवा निसटायचा आणि म्हणून फ्रिज कधी थांबायचाच नाही. तेही नवं घातलं. आता तो पुरेसा गार झाला की शहाण्यासारखा आपोआप बंद व्हायचा. मालकांनी पत्र्याला कान लावला आणि काळजीने विचारलं की गेला का. मी म्हटलं, सुधारला. मालक इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या हाताने कॉफी करून दिली.

रविवारी दुपारी सगळे जमलो. आत्या आली ती हॉस्पिटलची बॅग भरूनच. टॉवेल, सपाता, पाण्याची बाटली. बॅग तिने स्टेजच्या कोपऱ्यात ठेवली आणि येता-जाता सगळे तिला वळसा घालून जात होते. आमचा गिटारवाला मास्तर, शाळेत गणित शिकवतो, तो नेहमीप्रमाणे गिटार जुळवायला काउंटरच्या टोकाशी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तो गिटार कायम तिथेच जुळवतो. का, विचारलं तर म्हणतो, इथे सूर सापडतो. बाकी कुठल्या यंत्राला तो जुमानत नाही.

आत्याचीही एक पद्धत आहे. प्रत्येक गाण्याआधी ती मागे सरकते, त्या प्लायवूडच्या भिंतीला पाठ टेकते, डोळे मिटते आणि थोडा वेळ तशीच राहते. मग गाते. लोकांना वाटतं, ती आतोबांची आठवण काढते. आतोबा जिवंत होते तेव्हा त्या भिंतीलगतच्याच टेबलावर बसायचे. त्या क्षणी अख्खा क्लब श्वास रोखून बसतो. मीही इतकी वर्षं तेच समजत होतो.

रेकॉर्डिंगवाल्याने बोट वर केलं. आत्याने भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ गेला. मग तिने सूर लावला, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत ती एका गावाला होती आणि गिटार दुसऱ्या.

पुन्हा. पुन्हा तेच. या वेळी तर सुरुवातच ढासळली. मास्तर गिटारकडे असा बघत होता जशी तिने त्याला भर वर्गात उलट उत्तर दिलंय. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, परत आला, पुन्हा गेला. आज इथे सूर नाही, असं पुटपुटला. रेकॉर्डिंगवाल्याने खिशातून जुळवायचं यंत्र काढून दिलं. मास्तरने नाइलाजाने त्यावर गिटार जुळवली. आता गिटार बरोबर होती, आणि आत्या आणखीच चुकली.

असं किती वेळा झालं ते मोजण्याची कुणाची हिंमत नव्हती. रेकॉर्डिंगवाला घड्याळाकडे बघत नव्हता, पण बघत नाहीये हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी आत्या थांबली. माइक सोडून मागे गेली आणि कोपऱ्यातल्या बॅगेशेजारी खुर्चीवर बसली.

"उद्याची वाटच बघत होते मी," ती अगदी शांतपणे म्हणाली. "आवाज आधीच गेला रे. कळलंच नाही मला."

आत्याला मी रडताना कधी बघितलेलं नाही, त्या दिवशीही ती रडली नाही, पण तिचा हात बाजूच्या भिंतीवर होता आणि तो हात अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा प्लायवूडवरून फिरत होता. इकडे, तिकडे, थोडा वर. मी त्या हाताकडे बघितलं. मग खिडकीपाशी हताश उभ्या मास्तरकडे बघितलं. दोघांच्या मधोमध, भिंतीपलीकडे, काय होतं?

माझा, माझ्या हाताने सुधारलेला, गप्प फ्रिज!

म्हणजे इतकी वर्षं आमचा अख्खा बँड सूर घेत होता तो फ्रिजकडून! मास्तर त्यावर गिटार जुळवायचा, मी मास्तरवर बास जुळवायचो, आणि आत्या पाठीतून तो सूर उचलायची. आणि मी, या घराण्याचा एकुलता एक मेकॅनिक, आदल्या दिवशी त्याचा गळा दाबून वर कॉफी पिऊन आलो होतो.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं. कसं सांगणार? ज्या बाईने मिटल्या डोळ्यांनी नवऱ्याची आठवण काढली की लोक ग्लास खाली ठेवतात, तिला जाऊन म्हणायचं, आत्या, ते आतोबा नव्हते, तो कॉम्प्रेसर होता? आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी? शिवाय आत्याने लहानपणी माझा कान कितीदा पिरगळलाय, ते माझ्या कानाला अजून आठवतं. मी पोट धरलं, जरा बिघडलंय म्हटलं आणि स्वयंपाकघरात पळालो.

आता फ्रिज दुरुस्त करणं मला येतं. बिघडवणं येत नाही! आयुष्यात कधी ती वेळच आली नव्हती. आधी मी कॉम्प्रेसरचे नट ढिले केले. फ्रिज घुमायच्या ऐवजी खडखडायला लागला, आणि बाहेरून रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज आला की भांडी कोण घासतंय. मी झटकन नट आवळले. मेहुणा आत आला, पोटाची चौकशी करायला. मी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो बेकरीवाला असल्यामुळे त्याला पहिली काळजी केकची, पण आत्याचं ते वाक्य त्यानेही ऐकलं होतं. त्याने केक बाहेर काढला, ओट्यावर ठेवला आणि दाराशी पहाऱ्याला उभा राहिला.

जुनी रबरं पाहिजे होती, तो कडकपणाच सगळा आवाज करत होता. ती मी शनिवारी हत्यारांच्या पिशवीत टाकली होती. पिशवीत नव्हती! बायकोला फोन लावला.

"पिशवीतली जुनी काळी रबरं कुठे गेली?"

"मशीनखाली घातली मी," ती म्हणाली. "काय छान उभं आहे आता. जागचं हलत नाही."

मी म्हटलं, काढ आणि असशील तशी ये. ती म्हणाली, मशीन चालू आहे, चादरी पिळतंय. मी म्हटलं, आत्याचा प्रश्न आहे. मग चादरी पिळायचा आवाज बंद झाला. माझी बायको माझ्याशी वाद घालते, पण आत्याचं नाव निघालं की नाही.

ती येईपर्यंत मी दोनदा बाहेर गेलो आणि दोनदा पोट धरून आत पळालो. आत्या मला घरी जा म्हणाली. रेकॉर्डिंगवाल्याने मला कोपऱ्यात घेतलं आणि कुजबुजला की घाबरू नका, मोठमोठ्या कलाकारांना असं होतं. मास्तरने आत्याला आणखी एकदा प्रयत्न करू म्हणून विनवलं, ती बॅगेची चेन लावत बसली. तेवढ्यात मालक स्वयंपाकघरात शिरले.

त्यांनी काय पाहिलं ते सांगतो. सोमवारचा केक ओट्यावर. फ्रिज भिंतीपासून तिरका. मी त्याच्या मागे जमिनीवर आडवा, आणि मागच्या दाराने आत आलेली माझी बायको पदराखालून काहीतरी काळं काढून माझ्या हातात देतेय. मालकांना वाटलं, आम्ही नवरा-बायको मिळून फ्रिजचे भाग पळवतोय. ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "तुला मी काल कॉफी पाजली."

मग त्यांनाही सांगावं लागलं. मालक स्टुलावर बसले. फ्रिजकडे बघून म्हणाले, म्हणजे हाही बँडमध्येच होता, आणि मी याला एकदाही टाळी दिली नाही. आत्याला ते तरुणपणापासून ओळखत होते. उठून त्यांनी बाह्या सरसावल्या.

रबरं बसवली. फ्रिज घुमला! पण बारीक, सर्दी झाल्यासारखा. आता नळी पुन्हा पत्र्याला टेकायला हवी होती. ती जुनी झालेली, कालच एकदा वाकवलेली, पुन्हा वाकवली तर तडकणार आणि सगळा गॅस बाहेर. म्हणून मी अंगठ्याने नळी पत्र्यावर दाबून धरली. घुमणं एकदम खाली उतरलं, जाड झालं. मेहुण्याने मास्तरला खिडकीत बोलावलं. तो कान देऊन उभा राहिला आणि गणिताचा पेपर तपासल्यासारखा म्हणाला, "थोडं खाली." मी अंगठा सरकवला. "अजून. बास. तिथेच." आणि गिटार घेऊन आला, तारा पिळल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मुलांनी बघितलं असतं तर शाळेत त्याला कुणी घाबरलं नसतं.

तेवढ्यात खट् आवाज झाला आणि फ्रिज बंद पडला. गार झाला होता ना! काल घातलेलं दाराचं नवं रबर आपलं काम चोख करत होतं. मालकांनी पुढे होऊन सताड दार उघडलं. फ्रिज पुन्हा सुरू झाला. म्हणजे दार उघडं धरून ठेवणं आलं, आणि उघड्या फ्रिजमध्ये केक ठेवून उपयोग नव्हता. तो ओट्यावरच राहिला, आणि मेहुणा त्याच्याकडे वळूनही न बघता ड्रमवर जाऊन बसला. त्याला मी त्या दिवसापासून मानतो.

एक गोष्ट राहिली. मी अंगठा काढला की सूर जायचा. मग बास कोण वाजवणार? मास्तरने रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं की त्यांचं पोट काही ऐकत नाही, त्यांचा बास मागाहून घालू. मी पत्र्यामागे आडवा पडलोय आणि माझ्या अल्बममधून माझी अशी उचलबांगडी चाललीय, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

बाहेरचं मला काही दिसत नव्हतं. बायको खिडकीच्या फटीतून बघून कुजबुजत होती. मास्तर आत्यांना काहीतरी सांगतायत. आत्या नाही म्हणतायत. मास्तरांनी बॅग उचलून लांब ठेवली. आत्या उठल्या. आत्या चालल्या.

"कुठे चालल्या?"

"भिंतीकडे."

प्लायवूड माझ्या डोक्याशी किंचित कुरकुरलं. आत्याची पाठ टेकली होती. मधे एक बोटभर लाकूड, पलीकडे ती, अलीकडे मी. किती वेळ गेला देव जाणे. मला वाटलं, संपलं, जुळत नाहीये, आता ती बॅग उचलणार.

आणि मग तिने सूर लावला.

काय सांगू तुम्हाला! तो सूर त्या घुमण्यातूनच उगवला, तिथेच उभा राहिला आणि हलला नाही. मालकांनी दार धरल्या धरल्या डोळे मिटले. बायकोने मात्र माझा खांदा गच्च धरला. म्हणाली, रेकॉर्डिंगवाल्याने हात वर केलाय, त्याला घुमणं ऐकू आलंय, तो थांबवणार. मी आतून ओरडायच्या बेतात होतो. मग ती म्हणाली, हात वरच आहे. अजून वरच आहे. तो ऐकतोय. पहिलं गाणं संपेपर्यंत त्या माणसाचा हात खाली यायचा राहिला.

मग गाण्यामागून गाणी झाली. आत्या मध्ये थांबायलाच तयार नव्हती, जणू थांबली तर भिंत पुन्हा मुकी होईल. आणि इकडे तुम्हाला एक माहिती देतो, फुकट. दार उघडं ठेवून चाललेल्या फ्रिजची ती नळी तापते. आधी कोमट, मग गरम, मग चहाच्या भांड्याच्या कानासारखी. बायको ओला फडका लावत होती, पण फडका मधे आला की सूर मऊ पडायचा आणि मास्तर खिडकीकडे वळून भुवया चढवायचा. म्हणून अंगठा तसाच. मालक एका हाताने दार धरून ओट्याकडे बघत होते, जिथे केकचा वरचा मजला हळूहळू मधल्या मजल्यात उतरत होता. त्यांनी दार सोडलं नाही.

शेवटचं गाणं आतोबा गेल्यावर आत्याने स्वतः बांधलेलं. "गेलास तर जा, खुर्ची तेवढी राहू दे." ते ती इतकं हळू गायली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अंगठ्याचं आणि गाण्याचं, दोन्ही मिळून. ओळ संपली. सगळी वाद्यं थांबली. आणि त्या शांततेत माझ्या तोंडून निघालंच, "आई गं!"

बायकोने माझ्या तोंडावर हात दाबला. गेलं, सगळं गेलं, शेवटच्या ओळीवर मी पाणी फिरवलं.

"आत्या हसतायत," बायको म्हणाली.

"काय?"

"डोळे मिटलेत. भिंतीला टेकून हसतायत." आणि आत्याने ती ओळ पुन्हा उचलली, पहिल्यापेक्षा खोल, आणि गाणं शेवटास नेलं. त्याच क्षणी ओट्यावर केकने शेवटचा श्वास घेतला आणि तिन्ही मजले एक झाले.

संध्याकाळी आत्याला भरती केलं. माझ्या अंगठ्याला पट्टी होती. आत्याने पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, भाजी चिरताना. बायको खोकली. मेहुण्याने रात्र जागून दुसरा केक केला.

रेकॉर्डिंगवाल्याने नंतर कबूल केलं की त्याने ते घुमणं पुसून बघितलं होतं. पुसल्यावर आत्याचा आवाज अधांतरी लटकायला लागला, म्हणून परत घातलं. माझा बासही मागाहून वाजवून घेतला. मी जीव ओतून वाजवला. त्याने ऐकला, जरा विचार केला आणि म्हणाला, नको, आहे तोच खर्ज चांगला आहे. अल्बमच्या मुखपृष्ठावर मी बास घेऊन उभा आहे. आतमध्ये माझ्या बासचा एक सूर नाही.

ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरांनी आत्याला बोलायला पूर्ण बंदी घातली. आठवडे गेले. ती खुणा करायची, दुकानात गिऱ्हाइकाच्या पँटीवर खडूने रेघ मारून दाखवायची, आणि आम्ही सगळे तिच्या घशाकडे बघत बसायचो. आवाज आहे की नाही, आणि असला तर कसला, कुणालाच माहीत नव्हतं. मी क्लबच्या फ्रिजला मालकांच्या परवानगीने तसाच ठेवला, नळी आणि पत्र्याच्या मधे अंगठ्याच्या मापाची पाचर मारून. आत्याला यातलं काही कळलेलं नाही, तिला वाटतंय आतोबा आले होते, आणि हे गुपित मी मरेपर्यंत पोटात ठेवणार, असं मी बायकोला सांगितलं. मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

मग डॉक्टरांनी परवानगी दिली. एक वाक्य, हळू, ताण न देता. आत्याच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. मास्तर, मेहुणा, मालक, बायको. खुर्च्या पुरेनात म्हणून मी दाराशी. आत्या घोटभर पाणी प्यायली. तिने डोळे मिटले आणि सवयीने पाठ मागे, खोलीच्या भिंतीला टेकली. मला वाटलं, आता ही आतोबांचं नाव घेणार, नाहीतर देवाचं.

तिने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"त्या फ्रिजला," ती म्हणाली, "पुन्हा हात लावलास तर याद राख."

आवाज खरखरीत होता, चिरका होता, पण होता! आणि मास्तरने आपोआप मान हलवली, कारण सूर बरोबर लागला होता. मेहुणा रडायला लागला. मालकांनी टाळी वाजवली आणि मग त्यांचेही डोळे भरले. मी एवढंच विचारू शकलो की तुला कसं कळलं. आत्याने एक वाक्य वापरून टाकलं होतं, तेव्हा तिने नुसता अंगठा वर केला, त्यावर फुंकर घातली आणि ओठांनी, बिनआवाजाचं, "आई गं" केलं.

बोटभर प्लायवूड! दोन वाक्यांतलं माझं गुपित, बायकोला केलेला फोन, मालकांची कॉफी, सगळं तिला पलीकडे बसून ऐकू आलं होतं, आणि मी तिकडे पोट धरून नाचत होतो. सगळे हसायला लागले म्हणून मी बायकोकडे बघितलं, म्हटलं निदान ही तरी माझी बाजू घेईल.

"आत्या," ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, आता घरच्या मशीनला तरी हात लावा."